'बस-पॉवर्ड'ला मराठीत काय म्हणावं?

मुग्धा_ठाणे: यूएसबी पोर्ट वाढवणाऱ्या कार्डाचं माहितीपत्रक मराठीत करतेय. 'बस-पॉवर्ड' आणि 'सेल्फ-पॉवर्ड' इथे अडले. पहिलं उपकरण पोर्टमधूनच वीज घेतं, दुसऱ्याला स्वतःचा अडॅप्टर असतो. मी 'परपोषी' आणि 'स्वयंपोषी' लिहिलं. संपादकांनी खोडलं, म्हणे हे जीवशास्त्र झालं.

कृष्णाकाठ: खोडलं ते बरं झालं. स्वयंपोषी झाड आपलं अन्न स्वतः तयार करतं. अडॅप्टरवालं उपकरण भिंतीतल्या सॉकेटवरच जगतं, म्हणजे दोन्ही परपोषीच! सरळ 'पोर्टच्या विजेवर चालणारं' लिहा.

जुना_सोल्डर: 'वीज' नको, 'सप्लाय' लिहा. दुकानात सगळे तेच म्हणतात. वीज म्हटलं की घरातले 230 व्होल्ट डोळ्यांपुढे येतात, यूएसबीत 5 असतात. हे कार्ड कॉम्प्युटरच्या आत ज्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये बसतं, त्यात तर 5 व्होल्ट नसतातच, 12 आणि 3.3 असतात. कार्ड 12 चे 5 करतं, नाहीतर एसएमपीएसमधली, म्हणजे कॉम्प्युटरला सप्लाय देणाऱ्या डब्यातली, वायर कार्डाला जोडावी लागते. ती न जोडल्यामुळे एका गिऱ्हाइकाची कार्डाच्या पोर्टला लावलेली डिस्क कट-कट वाजून बंद पडायची. बिचाऱ्यांनी नवी डिस्क घेतली, तीही तशीच वाजली. वायर जोडली आणि दोन्ही चालल्या. शब्द कुठलाही घ्या ताई, वायरचं तेवढं ठळक छापा.

मुग्धा_ठाणे: ठळक घेते. पण क्रियापद कुठलं? उपकरण वीज 'घेतं', 'खेचतं' की 'खातं'?

कृष्णाकाठ: 'ओढतं'. आमच्याकडे मोटर पाणीही ओढते आणि लाईटही. वरच्यांनी जास्त ओढलं की कालव्याच्या टेलला पाणी पोचत नाही, तसंच हे. यूएसबी 3.0 च्या एका पोर्टला 900 मिलिअँपिअर, म्हणजे साडेचार वॉट. चार पोर्टांचे 18 झाले.

शब्दवेल्हाळ: 'पोर्ट', 'कार्ड' तसंच ठेवणार? 'द्वार' आणि 'विस्तारपत्र' का नको? लॅटिन 'पोर्टा' म्हणजे दरवाजाच. 'बस', म्हणजे इथे अनेक उपकरणांची एकच वाहिनी, हा शब्द आला 'ओम्निबस'वरून, म्हणजे 'सर्वांसाठी'. म्हणून 'सामाईक-पोषित' म्हणावं.

जुना_सोल्डर: 'पत्र' म्हटल्यावर लोक कागद समजतील. आणि अनेक वायरी जोडायच्या धातूच्या पट्टीला वायरमनसुद्धा 'बसबार'च म्हणतो, सामाईक कुणी म्हणत नाही.

शब्दवेल्हाळ: सामाईक विहीर सगळ्यांना कळते, मग हे का कळू नये?

कृष्णाकाठ: सामाईक विहिरीला पाळ्या असतात हो. इथे चारही पोर्ट एकाच वेळी ओढतात.