मेश_पाथ_अ‍ॅड() नंतर नल तपासूनही कर्नल क्रॅश

रानवारा: मॅक८०२११ (लिनक्स कर्नलमधला वाय-फायचा भाग) च्या मेश कोडमध्ये, म्हणजे राउटर एकमेकांमार्फत डेटा पुढे पाठवतात त्या कोडमध्ये, बदल करतोय. नवा मार्ग (पाथ) नोंदवणाऱ्या मेश_पाथ_अ‍ॅड() नंतर नल (रिकामा पॉइंटर) आला तर बाहेर पडतो. टेबलावर दोन राउटर असताना सगळं सुरळीत. आणखी राउटर जोडून टेस्टसाठी पाथची मर्यादा १०२४ वरून ४ केली, की लगेच ऊप्स (कर्नलची क्रॅश नोंद). का?

खटपट्या: कारण ते फंक्शन नल देतच नाही. जागा संपली की उणे ईएनओएसपीसी ('जागा नाही') हा एरर कोड पॉइंटरमध्ये कोंबून परत येतो. तुझी अट त्याला खरा पत्ता समजते. पॉइंटरमध्ये एरर कोड आहे का ते तपासणारं इझ_एरर() वापर. गंमत म्हणजे शेजारचं, पाथ शोधणारं मेश_पाथ_लुकअप() मात्र पाथ सापडला नाही तर नलच देतं!

रानवारा: मग एरर आणि नल दोन्ही तपासणारं इझ_एरर_ऑर_नल() सगळीकडे टाकू?

खटपट्या: नको रे! 'हे फंक्शन नल देतं तरी का?' हाच रिव्ह्यूत पहिला प्रश्न येईल. आणि चूक आधीच्या कमिटमधली असेल तर पॅचमध्ये 'फिक्सेस' ओळ (कोणत्या कमिटची चूक दुरुस्त होतेय ते सांगणारी) विसरू नकोस.