सहा महिने टिकलेलंच लिहा!

पर्यावरणासाठी काय काय करावं याच्या याद्या आपण भरपूर वाचल्यात. इथे त्या नकोत. घरात निदान सहा महिने टिकलेली एखादी सवय लिहा. काही फसलं असेल तर ते आधी!

सुरुवात माझ्यापासून. ओला कचरा घरीच जिरवायचा म्हणून बादलीला भोकं पाडली आणि रोजची सालं-देठं तिच्यात टाकत गेलो. दहाव्या दिवशी झाकण उघडलं तर आंबट कुबट वास, तळाशी काळं पाणी आणि वर चिलटांचा ढग. "बादली राहील, नाहीतर तू," असा निर्वाणीचा इशारा घरातून आला. चूक एवढीच, की मी सुकं काहीच घातलं नव्हतं. ओला कचरा दबून बसतो, आत हवा खेळत नाही आणि मग तो सडतो. कंपोस्टला नायट्रोजनच्या साधारण २५ ते ३० पट कार्बन लागतो आणि तो वाळक्या पानांत, पुठ्ठ्यात, लाकडाच्या भुशात मिळतो. आता ओंजळभर ओल्यावर दोन ओंजळी पालापाचोळा पडतो आणि आठवड्यातून एकदा सगळं खालीवर करतो. वास गेला. मीही घरात टिकलो.

---

आमच्याकडे नळ ठिबकायचा, सेकंदाला जेमतेम एक थेंब. सहज म्हणून रात्री खाली बादली ठेवली, तर आठ तासांत सात लिटर पाणी! वायसर बदलायला दहा मिनिटं लागली. मनावर घ्यायला तीन महिने.

आरओ मशीन जे पाणी सोडून देतं, तेही धरून ठेवते आणि फरशी पुसायला वापरते. कुंड्यांना मात्र घालू नका, त्यात क्षार जास्त असतात. माझी दोन झाडं त्यातच गेली.

---

कबुली: माझ्याकडे १७ कापडी पिशव्या आहेत. दर वेळी घरी विसरायची आणि नवी घ्यायची. मग २०१८ चा एक डॅनिश सरकारी अभ्यास वाचनात आला. हवामानावरचा परिणाम तेवढा धरला, तरी सुती पिशवी प्लास्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला यायला निदान ५२ वेळा वापरावी लागते. (उघड्यावर पडणारं प्लास्टिक त्या हिशेबात नव्हतं, हेही सांगायला हवं.) आता एकच पिशवी घडी घालून कायम पर्समध्ये असते. उरलेल्या १६ कपाटातून माझ्याकडे बघतात.

---

६० वॅटचा बल्ब काढून ९ वॅटचा एलईडी लावला. संपलं. फक्त आता "एलईडीच तर आहे" म्हणत पॅसेजमधला दिवा रात्रभर जळतो.

---

बादलीवाले, तुमचं कौतुक आहेच, पण मुळात अन्न टाकलंच कमी तर? संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. त्यातलं सुमारे ६० टक्के घरांमधलं. मी महिनाभर फ्रिजच्या दारावर लिहीत गेले, आज काय टाकलं आणि का. ताटातलं फारसं नव्हतंच. बहुतेक वस्तू मागे सरकून विसरलेल्या. तेव्हापासून मधला कप्पा "आधी हे संपवा"चा. वर्ष झालं, चाललंय.

काल त्याच कप्प्यात, अगदी मागे, एक डबा सापडला. तुमच्या बादलीत जागा आहे का हो?