गृहकर्ज मुदतीआधी फेडायचं, की पैसा घरात हाताशी ठेवायचा?

पिंपळे_गुरवकर (धागाकर्ता):
बोनसचा विषय निघाला की आमच्या कंपनीत दरवर्षी दोन तट पडतात. एक म्हणतो, आलेला पैसा सरळ गृहकर्जात टाका. दुसरा म्हणतो, कर्ज वीस वर्षांचं आहे, चालू दे त्याच्या गतीने. पोरांची शिक्षणं आणि आईवडिलांची आजारपणं कोण बघणार? मी पहिल्या तटातला आहे आणि माझं मत पक्कं आहे. का ते मांडतो, पटलं नाही तर खोडून काढा.

४० लाख कर्ज, २० वर्षं, साडेआठ टक्के. हप्ता येतो ३४,७१३. पहिल्या हप्त्यातले २८,३३३ व्याजात जातात, मुद्दल फिटतं ६,३८०. चार वर्षं एकही हप्ता न चुकवता भरलेत तर बँकेकडे १६ लाख ६६ हजार गेलेले असतात आणि कर्ज उतरतं फक्त ३ लाख ६३ हजारांनी. पहिल्यांदा हे विवरणपत्र बघितलं की भल्याभल्यांचा विश्वास बसत नाही.

आता याच टप्प्यावर ४ लाख एकरकमी भरा आणि हप्ता आहे तोच ठेवा. उरलेले १९२ हप्ते १५३ वर येतात. भरलेले ४ लाख वजा केले तरी साडेनऊ लाखांच्या आसपास व्याज वाचतं. हेच ४ लाख पंधरा वर्षं झाल्यावर भरले तर वाचतात जेमतेम पावणेदोन लाख. म्हणून "पुढे बघू" म्हणणं महागात पडतं.

शिवाय दर आपल्या हातात नाही. २०२१ मध्ये ६.७ टक्क्यांनी ४० लाख घेतलेल्याचा हप्ता ३०,२९६ होता. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो) अडीच टक्क्यांनी वाढला. दोन वर्षं हप्ते भरून झालेल्या त्याच माणसाचं नुसतं व्याज महिन्याला २९ हजारांवर गेलं. जुनाच हप्ता ठेवला असता तर कर्ज फिटायला आणखी ३५ वर्षं लागली असती! वैयक्तिक कर्जदाराच्या फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड घ्यायला रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच बंदी घातली. दंड नाही, व्याज वाचतंय, मग थांबायचं कशासाठी?

घरखर्चवही:
दादा, हिशोब चोख आहे. पण त्यात घर कुठे आहे?

मी नाशिकला असते, नवरा सातपूरला नोकरीला. दर महिन्याचा खर्च मी कालनिर्णयच्या पानामागे मांडते. एप्रिल ते जून या तीन महिन्यांची पानं बघा म्हणजे कळेल. शाळेची पहिल्या सत्राची फी, वह्यापुस्तकं, गणवेश, स्कूलबसची आगाऊ रक्कम, घरपट्टी, सोसायटीचा वार्षिक देखभालखर्च, गाडीचा विमा, सासूसासऱ्यांच्या मेडिक्लेमचा हप्ता, आणि याच तीन महिन्यांत नात्यातली लग्नं. यातलं एकही अचानक आलेलं नाही, सगळं दरवर्षी येतं. तरीही मार्चमध्ये बोनस कर्जात भरून टाकणारी घरं मे महिन्यात हातउसने मागताना मी पाहिलीत.

बँकेला दिलेला पैसा परत मागता येत नाही. सासऱ्यांना रात्री छातीत दुखायला लागलं, तेव्हा रुग्णालयात आधी अनामत रक्कम भरा म्हणाले. कॅशलेसची मंजुरी दुसऱ्या दिवशी दुपारी आली, त्यातही को-पेची, म्हणजे बिलातल्या आपल्या वाट्याची टक्केवारी आमच्या माथी होतीच. एफडी मोडली आणि निभावलं. तीच रक्कम कर्जात भरलेली असती तर चौदा-पंधरा टक्क्यांचं पर्सनल लोन काढावं लागलं असतं, नाहीतर क्रेडिट कार्ड घासावं लागलं असतं. तिथलं व्याज वर्षाला चाळीस टक्क्यांपर्यंत जातं. साडेआठचं कर्ज फेडण्यासाठी चाळीसचं करायचं, हे मला मान्य नाही.

पिंपळे_गुरवकर:
ताई, मी कुठे म्हटलं की घर उपाशी ठेवा? अडीनडीची रक्कम हवीच. पण बहुतेक घरांत "अडीनडीला असू दे" म्हणून ठेवलेला पैसा दोन वर्षांत नव्या मोबाईलमध्ये, मोठ्या टीव्हीत आणि मॉलमध्ये जिरतो. कर्जात टाकलेला पैसा निदान आपल्याच घरात राहतो.

घरखर्चवही:
काही घरांत होत असेल. पण म्हणून पैसा हाताशीच ठेवायचा नाही, हे उत्तर नव्हे. हप्ता धरून सहा महिन्यांचा खर्च वेगळ्या एफडीत ठेवा, त्याला कुणी हात लावणार नाही असं दोघांनी मिळून ठरवा. ही रक्कम जमेपर्यंत कर्जात एक पैसाही जादा भरू नये, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे.

निर्देशांक_७७:
दोघांच्याही हिशोबात महागाई राहिली. आज ३४,७१३ चा हप्ता जड वाटतो. पगार वाढत गेला तर बारा वर्षांनी तोच हप्ता हलका वाटेल. सामान्य माणसाला याहून स्वस्त कर्ज सहसा मिळत नाही, मग तेच आधी फेडायची घाई का? जादाचा पैसा इंडेक्स फंडात (निफ्टीसारख्या शेअर निर्देशांकाबरोबर चालणारा म्युच्युअल फंड) एसआयपीने, म्हणजे दरमहा ठरावीक रकमेने टाका. मोठ्या मुदतीत निफ्टीने कर्जाच्या दरापेक्षा जास्त परतावा दिला आहे, आणि लागला तर दोन-तीन दिवसांत खात्यात येतो. जुन्या करप्रणालीत असाल तर २ लाखांपर्यंतच्या व्याजावर वजावटही मिळते.

पिंपळे_गुरवकर:
वजावटीचं म्हणाल तर आमच्याकडचे बहुतेक लोक नव्या प्रणालीत गेलेत. राहत्या घराच्या व्याजाची वजावट तिथे नाहीच. एफडीत ठेवून सात टक्के मिळाले तरी ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाच्या हातात पाचसुद्धा उरत नाहीत. कर्जात भरलेल्या पैशावर मात्र कर्जाच्या दराएवढा परतावा खात्रीने मिळतो, त्यावर करही नाही.

आणि एसआयपी? जानेवारी २०२० मध्ये निफ्टी १२ हजारांच्या वर होता, २३ मार्चला ७,६०० च्या आसपास आला. त्याच महिन्यांत चाकण-भोसरीच्या कित्येक कारखान्यांत पगार निम्म्यावर आले. बाजार आणि नोकरी एकाच वेळी बुडतात हो. तेव्हा ४० टक्के तोट्यात युनिटं विकून हप्ता भरायचा का?

भोसरी_फिटर:
२०२० चा दाखला दिलात म्हणून लिहितो, कारण त्यातून तुमचंच म्हणणं उलटं पडतं. रिझर्व्ह बँकेने तेव्हा मार्च ते ऑगस्ट हप्ते लांबवायची सवलत दिली होती. पण त्या महिन्यांचं व्याज माफ नव्हतं, ते मुद्दलात चढलं. आमच्या लाइनवर ज्यांच्याकडे रोख होती त्यांनी हप्ते चालू ठेवले. आदल्या दिवाळीत सगळं कर्जात भरून बसलेल्यांना सवलत घ्यावी लागली. बँक असं म्हणत नाही की तुम्ही मागे जादा भरलंय तर आता चार महिने थांबा. पुढचा हप्ता ठरल्या तारखेला लागतोच.

निवृत्त_शाखाधिकारी:
कर्ज विभागात बरीच वर्षं काढली, म्हणून थोडं काउंटरच्या पलीकडून सांगतो.

जादा रक्कम भरताना "हप्ता तोच, मुदत कमी" असं लेखी द्या. दिलं नाही तर काही ठिकाणी हप्ता कमी करून मुदत तशीच ठेवतात. पिंपळे गुरवकरांच्याच उदाहरणात ४ लाख भरल्यावर हप्ता ३०,८९५ होईल आणि कर्ज संपायला सोळा वर्षंच लागतील. व्याजाची बचत बरीच घटते. भरल्यानंतर परतफेडीचं नवं वेळापत्रक मागून घ्या आणि शेवटच्या हप्त्याची तारीख बघा.

२०२५ मध्ये रेपो दर सव्वा टक्क्याने उतरला. तुमच्या कर्जाला तो लागू झाला का, हे तपासणारे फार थोडे. जुनं कर्ज एमसीएलआरवर (बँकेने स्वतःच्या खर्चावरून ठरवलेल्या दरावर) असेल तर किरकोळ शुल्क भरून रेपोशी जोडून घेता येतं. हे एक पैसा जादा न भरता होतं, म्हणून ते आधी करा. दर उतरल्यावर हप्ता मात्र उतरवून घेऊ नका.

घरखर्चवही ताईंच्या शंकेवर एक उपाय आहे: ओव्हरड्राफ्ट पद्धतीचं गृहकर्ज. जादा पैसा कर्जाशी जोडलेल्या खात्यात ठेवायचा. तो तिथे असेपर्यंत तेवढ्यावर व्याज लागत नाही आणि नड आली तर काढता येतो. दर थोडा चढा असतो, आणि पैसा सहज निघतो म्हणून घरात शिस्त असावी लागते.

घरखर्चवही:
काका, ही माहिती मोलाची. पण दर उतरल्यामुळे माझा मुद्दा आणखी पक्का होतो. आमचं कर्ज आता आठच्या खाली आलंय. मुलीच्या सुकन्या समृद्धी खात्यावर २०२४ पासून ८.२ टक्के मिळतात, तेही करमुक्त. मग मी आधी तिथले वर्षाचे दीड लाख भरणार. ते पैसे अडकतात हे मला माहीत आहे, पण तिच्या कॉलेजच्या वेळी ते लागणारच आहेत.

कोल्हापूर_४६:
सगळं वाचलं. माझा प्रश्न वेगळा आहे. वय ४६, एकट्याची नोकरी, कंपनीत निवृत्ती ५८ व्या वर्षी. कर्ज उरलंय २० लाख, दर ८ टक्के, आणि दर वाढले तेव्हा मुदत वाढत वाढत अजून १६ वर्षांवर गेली आहे. म्हणजे पगार थांबल्यावरही चार वर्षं हप्ते. मुलगा दहावीत. पीएफमधून उचल करून मोठी रक्कम भरून टाकावी का?

पिंपळे_गुरवकर:
भरून टाका. निवृत्तीनंतर हप्ता ही कल्पनाच नको. दहावीच्या क्लासचा खर्च पगारातून निघेल.

घरखर्चवही:
थांबा. निवृत्तीच्या आत कर्ज संपलंच पाहिजे, हे शंभर टक्के मान्य. पण पीएफला हात लावू नका. तिथे गेली दोन वर्षं ८.२५ टक्के मिळालेत. आठचं कर्ज फेडायला सव्वाआठचा पैसा का मोडायचा, आणि तोही म्हातारपणचा?

निवृत्त_शाखाधिकारी:
ताईंशी सहमत. कोल्हापूरकर, आकडेच देतो. २० लाख, ८ टक्के, १९२ महिने, म्हणजे तुमचा हप्ता १८,४९८ च्या आसपास असणार. कर्ज १४४ महिन्यांत, म्हणजे ५८ व्या वर्षी संपवायचं तर हप्ता लागतो २१,६४९. फरक महिन्याला ३,१५१ रुपयांचा. ऑगस्ट २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाप्रमाणे दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारायला हवं. शाखेत जा आणि हप्ता वाढवून द्या असा अर्ज करा. मुलाची बारावी होईपर्यंत एवढं झेपणार नसेल तर आत्ता हजाराने वाढवा, नंतर उरलेलं आणि त्यावर थोडं जास्त. आणि कर्ज फिटलं की मूळ कागद ३० दिवसांत परत द्यायचे असतात, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई मिळते. सोसायटीच्या दप्तरातली बँकेच्या बोजाची नोंद मात्र तुम्हालाच जाऊन काढून घ्यावी लागेल.

कोल्हापूर_४६:
३,१५१ जमतील. सोमवारी अर्धी रजा टाकून शाखेत जातो.