मदत हवी आहे : उणे ३० मध्ये राहणं आणि गाडी चालवणं (पुणे ते विनिपेग)

वारजेकर

नमस्कार मंडळी,

जानेवारीत आम्ही तिघं (मी, बायको आणि चार वर्षांची लेक) पुण्याहून कॅनडात विनिपेगला शिफ्ट होतोय. कंपनीचं काम आहे, निदान दोन वर्षं तरी. भाड्याचं घर ठरलंय, पण ऑफिस शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, त्यामुळे सेकंडहँड गाडी घ्यावीच लागेल असं तिथला कलीग म्हणतो. तोच परवा बोलता बोलता म्हणाला की ब्लॉक हीटर चालतोय ना ते बघूनच गाडी घे, नाहीतर सकाळी बसशील सेल मारत. आता मी रोज वारज्यातून हिंजवडीला जातो, ताम्हिणी भर पावसात धुक्यात चालवलाय, पण गाडी रात्री प्लगला लावायची हे प्रकरण काही झेपेना.

कपड्यांवर सल्ल्यांचा नुसता पाऊस पडतोय. सासूबाईंनी माकडटोप्या विणायला घेतल्यात, आत्या म्हणते तिबेटी स्वेटरवाल्यांकडून सगळं घेऊन टाक, मित्र म्हणतो इथून रुमालसुद्धा नेऊ नकोस. गाडीबद्दल मात्र कुणाला काही विचारायची सोय नाही. पुण्याचा नीचांक १.७ अंश, तोही १९३५ च्या जानेवारीतला, आणि हल्ली ८ वर आला तरी पेपरात शेकोटीचे फोटो.

तर मुख्य प्रश्न असे की गाडी घेताना काय काय बघायचं, बर्फावर चालवायची सवय कशी करायची, आणि समजा रस्त्यात बंद पडलीच तर पोरीला घेऊन करायचं काय. शेवटच्या प्रश्नाने झोप उडालीय खरं सांगायचं तर. अनुभवी लोकांनी कृपया लिहा.

गारठलेला_गणोबा

कॅनडातच एडमंटनला असतो, मूळचा सदाशिव पेठेतला. घाबरू नका, लाखो लोक राहतात तिथे आणि रोज कामावर जातात.

ब्लॉक हीटर म्हणजे इंजिनात बसवलेलं छोटं हीटिंग एलिमेंट. ते कूलंट (इंजिनात फिरणारं द्रव) गरम ठेवतं. त्याची वायर पुढच्या जाळीतून बाहेर लोंबत असते, ती खांबावरच्या नाहीतर घराबाहेरच्या सॉकेटला लावायची. साधारण इस्त्रीएवढी वीज खातो, त्यामुळे रात्रभर लावायची गरज नाही, टायमर लावून निघायच्या तीनेक तास आधी चालू झाला की पुरे. उणे १५-२० च्या खाली गेलं की लावायचाच. एक्स्टेन्शन कॉर्ड बाहेर वापरायचीच घ्या, घरातली थंडीत कडक होऊन तडकते. आणि भाड्याच्या घराच्या पार्किंगला सॉकेट आहे का ते आत्ताच मेल टाकून विचारा, हे राहून गेलं तर बाकी सगळं फुकट.

मग बॅटरी. उणे १८ ला तिची ताकद जवळपास निम्मी होते आणि नेमकं तेव्हाच घट्ट झालेल्या ऑइलमुळे इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. जुनी असेल तर विचार न करता बदला. ऑइल सिंथेटिक, ०डब्ल्यू वालं (म्हणजे थंडीतही पातळ राहणारं), ग्रेड गाडीच्या पुस्तकात बघून. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं असलं की उणे ३५ पर्यंत निभावतं. आपल्याकडे गॅरेजवाला बिनधास्त नळाचं पाणी टॉपअप करतो, तसं तिकडे केलंत तर पाणी गोठून इंजिनचा ब्लॉकच फुटेल. काच धुवायचं पाणीसुद्धा उणे ४० चं विकत मिळतं, तेच घाला.

टायर विंटरचेच, चारही. बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चित्र असतं, ते बघून घ्या. साधं रबर ७ अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं. खूप थंडीत गाडी रात्रभर उभी राहिली की टायर खालून चपटे होतात, सकाळी पहिले एक-दोन किलोमीटर गाडी धडधडत जाते, पंक्चर समजून उतरू नका.

पक्का_पुणेकर

एवढं सगळं करून जायचंच कशाला म्हणतो मी. इथे स्वारगेटचा सिग्नल आहे की मस्त.

वारजेकर

@गणोबा, खूप खूप धन्यवाद, पार्किंगचा मेल लगेच टाकतो. आणखी एक, सकाळी गाडी अर्धा तास चालू ठेवून गरम करायची असं एका व्हिडिओत सांगत होता, ते खरं का? आणि बर्फावर ब्रेक मारायचा की नाही??

गारठलेला_गणोबा

अर्धा तास नको, पेट्रोल जाळण्यापलीकडे काही होत नाही. काचा साफ होईपर्यंत पाच-दहा मिनिटं ठेवा, मग हळू हळू निघा, चालताना इंजिन लवकर गरम होतं. फक्त घराच्या गॅरेजमध्ये गाडी कधीही चालू ठेवायची नाही, दार उघडं असलं तरी नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. घरात त्याचा डिटेक्टर आहे का तेही बघा. काचेवर गरम पाणी ओतायचं नाही, तडा जातो. टपावरचा बर्फ झाडून निघा, नाहीतर ब्रेक मारल्यावर सगळा पुढच्या काचेवर येतो.

ब्रेक मारायचा, पण फार आधीपासून आणि हलक्या पायाने. एबीएस (ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी सोय) असेल तर पाय दाबून धरा, पेडल थरथरतं, सोडू नका. घसरली तर अ‍ॅक्सिलरेटर सोडा, जिकडे जायचंय तिकडे बघा आणि तिकडेच स्टिअरिंग वळवा. निसरड्या रस्त्यावर क्रूझ कंट्रोल (गाडीचा वेग आपोआप धरून ठेवणारी सोय) लावायचा नाही. पूल आधी गोठतात. आणि सिग्नलपाशी जपून, थांबलेल्या गाड्यांच्या धुराची वाफ तिथेच गोठून रस्ता काचेसारखा होतो आणि दिसतही नाही. एवढ्या थंडीत मीठ फारसं काम करत नाही म्हणून वाळू टाकतात. सवय करायला रविवारी सकाळी मोकळं पार्किंग गाठा आणि मुद्दाम ब्रेक मारून, घसरवून बघा.

निवृत्त_फौजी

लडाखमध्ये बरेच हिवाळे काढलेत. तिथे साधं डिझेल गोठून फिल्टर बंद पडायचे, २०१९ मध्ये इंडियन ऑइलने उणे ३३ पर्यंत चालणारं विंटर डिझेल आणलं तेव्हा जरा सुटका झाली. तुम्ही पेट्रोलच घेताय ना, मग हा ताप नाही.

आता तुमची झोप उडवणारा प्रश्न. गाडी बर्फात अडकली तर गाडी सोडायची नाही. दिवा दिसतोय, जवळच आहे म्हणून चालत निघालेली माणसं वाटेत संपतात. आधी उतरून सायलेन्सरच्या तोंडाशी साचलेला बर्फ काढा, मग तासाला दहाएक मिनिटं इंजिन चालवा, त्या वेळी वारा नसलेल्या बाजूची काच बोटभर खाली. वादळ चालू असेल तर सायलेन्सर पुन्हा पुन्हा बघायचा. म्हणूनच टाकी अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही. गाडीत ब्लँकेट, फावडं, टॉर्च, जंपर केबल, थोडी वाळू, गूळ-शेंगदाणे. मोबाइल आतल्या खिशात, बाहेर बॅटरी झटकन पडते.

उणे ४० च्या वाऱ्यात उघडी कातडी ५-१० मिनिटांत गोठते. नाक, कान, बोटं पांढरी पडून बधिर झाली तर चोळू नका, बर्फाने तर नाहीच. कोमट पाण्यात धरा, आणि ते पाणी दुसऱ्याने हात घालून बघायचं, बधिर बोटाला चटका कळत नाही. गरम वाटावं म्हणून दारू अजिबात नको, उलट अंगातली ऊब जाते.

मेथीचे_लाडू

विनिपेगलाच आहे, लेकीबद्दल एक फार महत्त्वाचं. जाड जॅकेट घालून कार सीटमध्ये बसवू नका, पट्टा घट्ट वाटतो पण धडक बसली की जॅकेट दबतं आणि पट्टा सैल पडतो. पातळ फ्लीसवर पट्टा आवळा आणि वरून जॅकेट उलटं पांघरा किंवा ब्लँकेट घाला. सुरुवातीला रडतात, मग सवय होते.

आतून कॉटन नको, घाम धरून ठेवतं आणि मग गार पडतं. थर्मल, त्यावर फ्लीस किंवा लोकर, वर वारा अडवणारं. हातमोजे बोटांचे नाही, एकत्र पिशवीसारखे, त्यात बोटं एकमेकांना गरम ठेवतात. मोठे कानातले घालून बाहेर पडू नका म्हणावं वहिनींना, धातू गार होऊन कानाला चटके बसतात. घरात हीटरमुळे हवा इतकी कोरडी होते की मुलांचा घोळणा फुटतो, ह्युमिडिफायर आल्या आल्या घ्या. माकडटोप्या मात्र नक्की आणा, सासूबाईंना थांबवू नका :)

गावाबाहेर जायचं असलं की आधी मॅनिटोबा ५११ वर (इथल्या प्रांताची रस्त्यांची माहिती देणारी सेवा) रस्ते बघायचे. आकाश निरभ्र असतं आणि नुसत्या वाऱ्याने शेतातला बर्फ उडून हायवे दिसेनासा होतो, तेव्हा ते बंद म्हणाले की बंद.

वारजेकर

सगळ्यांचे मनापासून आभार. कार सीटचं आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. पार्किंगला सॉकेट आहे असं उत्तर आलंय, महिन्याला वेगळे पैसे पडतील म्हणतात. लेकीचे स्नो बूट इथून घ्यावेत की तिकडे?

मेथीचे_लाडू

तिकडेच. उणे ३० लिहिलेले बघून घ्या, आणि जाड मोजे घालून बोटं हलतील एवढे मोठे. घट्ट बुटात पाय लवकर गार पडतात. विमानतळावरून घरी येण्यापुरते दोन मोजे आणि साधे बूट चालतील, कलीगला गाडी गरम करून दाराशी आणायला सांगा.