मदत हवी आहे: तिन्ही कोटेशन एकाच हातची दिसतात, तुलनात्मक तक्त्यावर सही करू की नको?

लिपिक नागपूर (शुक्रवार, रात्री ९.१२)

नमस्कार. उत्तर लवकर हवं आहे, सोमवारी सकाळी फाईल मुख्याध्यापिका मॅडमच्या टेबलावर ठेवायची आहे.

शाळेत बाकांची खरेदी आहे. तीन कोटेशन आली आहेत. त्यांचा तुलनात्मक तक्ता करून खाली 'तपासले' म्हणून मी सही करायची आहे. मला तिन्ही एकाच माणसाने केलेली वाटतात. लेटरहेड वेगळी, शिक्के वेगळे, पण तिन्हींवर 'ड्युअल डेस्क'च्या जागी 'ड्युअल डेक्स' लिहिलंय. आणि डाव्या कोपऱ्यात पिनेची दोन-दोन छिद्रं आहेत, ती तिन्ही कागद एकावर एक ठेवले की तंतोतंत जुळतात. खिडकीत उजेडाला धरून पाहिलं मी. म्हणजे माझ्याकडे यायच्या आधी ती कुठेतरी एकत्र टाचलेली होती.

मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, "तू फक्त आकडे मांड, निर्णय समिती घेते." सही केली तर मी अडकेन का? नाही केली तर काय होईल? कृपया 'मनाला विचारा' असं लिहू नका. मनाने काय ते सांगून झालंय, म्हणूनच इथे लिहितेय.

धंतोलीकर (९.३०)

शाळा अनुदानित की विनाअनुदानित? पैसा वेतनेतर अनुदानाचा, सत्र फीचा, की संस्थेचा? रक्कम किती? समितीत कोण कोण आहे? यातलं काहीच न सांगता 'अडकेन का' विचारलं तर कोण काय सांगणार?

जागा हो (९.३४)

ताई, सरळ १०६४ ला फोन लावा. लाचलुचपत प्रतिबंधक विभाग. अशा लोकांना एकदा तरी झटका बसल्याशिवाय शाळा सुधारणार नाहीत.

धंतोलीकर (९.४१)

लाच कोणी मागितली? सापळा रचायला मागणी व्हावी लागते. इथे बनावट कोटेशनचा संशय आहे. जखम मांडीला आणि मलम शेंडीला.

जागा हो (९.४४)

अनुदानित संस्थेचा कर्मचारी आणि पदाधिकारी १९८८च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात लोकसेवक धरला जातो. जादा दर लावून पैसे वाटून खाणं म्हणजे फक्त टंकलेखनाची चूक नव्हे. मी फोन करा म्हणतो ते याच कारणासाठी.

पालक सक्करदरा (१०.०२)

इथे शाळेतले लोक आहेत म्हणून विचारतो. माझ्या मुलाची टीसी फी बाकी आहे म्हणून अडवून ठेवली आहे, सातवीत आहे. हे कायद्यात बसतं का?

लिपिक नागपूर (१०.१५)

अनुदानित शाळा. पैसा माजी विद्यार्थ्यांनी दिलेला आहे, बाकांसाठीच म्हणून, संस्थेच्या खात्यात जमा आहे. ६० बाक. सर्वात कमी दर ५,९००, म्हणजे एकूण ३,५४,०००. समितीत मॅडम, संस्थेचे सचिव आणि एक ज्येष्ठ शिक्षक. सर सही करतात, बघत नाहीत.

मला एवढंच सांगा, सही करू की नको?

बर्डीचा भाऊ (१०.२८)

५,९०० म्हणजे लई झाले ना ताई! आम्ही मागच्या वर्षी आमच्या शिकवणी वर्गासाठी बनवून घेतले, लोखंडी सांगाडा अन् वर प्लाय, ४,१०० ला पडला एक. फॅब्रिकेशनवाल्याकडून डायरेक्ट घ्या, दुकानदाराचं मार्जिनच वाचते. पायाची पट्टी किती जाडीची आहे ते कोटेशनात लिहून घ्या. नाही तं दोन वर्षांत बाक डुलते.

मानेवाडा शिक्षक (१०.३६)

प्लाय नको. पावसाळ्यात फुगतो. आमच्या शाळेत जुने सागवानी बाक ३० वर्षं टिकले, फक्त दर उन्हाळ्यात पॉलिश.

बर्डीचा भाऊ (१०.३९)

सागवानाचा आजचा भाव काय आहे सर? देणगीच्या पैशात अर्धे पोरं खालीच बसतील.

आवक जावक (११.०५)

मी ३१ वर्षं शाळेच्या कार्यालयात काढली, मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झालो. ताई, तुम्ही 'करू की नको' असे दोनच रस्ते धरून बसलात, म्हणून अडकलात. तिसरा रस्ता टिप्पणीचा आहे. तो पुढे सांगतो. आधी एक काम करा.

'डेक्स' आणि पिनेची छिद्रं तुम्हाला पटतात, मलाही पटली. पण उद्या कोणी म्हणेल की एकाच टायपिंगवाल्याकडून तिघांनी करून घेतलं. म्हणून न बदलणारी गोष्ट शोधा. कोटेशनवरचा जीएसटी क्रमांक बघा. तो १५ अक्षरी असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचा २७. त्यापुढची दहा अक्षरं म्हणजे मालकाचा पॅन. दोन दुकानांची नावं कितीही वेगळी असोत, मधली दहा अक्षरं तीच आली तर मालक एक. जीएसटीच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर आहे आणि चालू आहे की रद्द, तेही दिसतं. त्याला लॉगिन लागत नाही.

बघून इथे सांगा. मग पुढचं.

लिपिक नागपूर (११.३१)

काका, हात थरथरताहेत. फोनमध्ये फोटो होते, त्यावरूनच पाहिलं. पहिल्या आणि दुसऱ्या कोटेशनची मधली दहाही अक्षरं एकच आहेत. तिसऱ्यावर क्रमांकच नाही. संकेतस्थळावर दोन्हीला मालकाचं नाव एकच आलं.

आणि तो माणूस सचिवांचा मेहुणा आहे. आधी लिहिलं नाही, कारण शाळेत सगळ्यांना माहीत आहे.

धंतोलीकर (११.३८)

हेच पहिल्या ओळीत यायला हवं होतं! अख्खा प्रश्न याच एका वाक्यात आहे.

इतवारी हिशेब (शनिवार, सकाळी ७.२०)

मी छोट्या संस्थांचे हिशेब लिहितो. दोन मुद्दे.

तिसऱ्यावर जीएसटी क्रमांक नाही म्हणून ते बोगस, असं लिहू नका. मालाच्या व्यापाऱ्याची उलाढाल वर्षाला ४० लाखांच्या आत असेल तर त्याला सहसा नोंदणी घ्यावी लागत नाही. 'क्रमांक नमूद नाही' एवढंच लिहा.

दुसरं, सचिवांच्या मेहुण्याने बाक विकणं हा आपोआप गुन्हा होत नाही. चूक आहे ती नातं लपवण्यात आणि एकट्यानेच तीन नावांनी स्पर्धा उभी करण्यात. सचिवांनी नातं लिहून द्यावं, दर ठरताना बैठकीतून उठून बाहेर बसावं, आणि तरीही मेहुण्याचा दर खरोखर कमी निघाला तर त्याला काम मिळावं. मी असं होताना पाहिलंय, कोणाची मानहानी झाली नाही.

शिवाय संस्था सार्वजनिक न्यास आहे. १९५०च्या न्यास कायद्याप्रमाणे लेखापरीक्षकाला अनियमित आणि गैरवाजवी खर्च अहवालात दाखवावा लागतो. माजी विद्यार्थ्यांचा पैसा आहे, एखाद्याने हिशेब मागितला तर फाईल त्याच्यासमोर उघडणार आहे.

एक मुख्याध्यापिका (८.०५)

सगळे मॅडमवर घसरायच्या आधी दोन शब्द. मीही या खुर्चीत आहे. सचिव फाईल हातात देतात तेव्हा कोटेशन आधीच टाचलेली असतात. माझी वेतनवाढ, रजा, गोपनीय अहवाल, सगळं त्यांच्याच हातात. मी दोनदा गप्प बसले, आणि त्याची मला आजही लाज वाटते. तिसऱ्या वेळी आमच्या लिपिकाने टिप्पणी टाकली होती. त्या कागदाने मला बोलायला जागा दिली. "माझं काही नाही सर, कार्यालयाने आक्षेप घेतलाय," असं म्हणता आलं. ताई, तुमच्या मॅडमना कदाचित हेच हवं असेल आणि त्या मागू शकत नसतील.

जागा हो (८.१९)

म्हणजे धाडस सर्वात कमी पगाराच्या मुलीने करायचं? तुम्ही मुख्याध्यापक आहात, तुम्हीच का नाही लिहिलंत?

एक मुख्याध्यापिका (८.२७)

तुमचं बरोबर आहे. मीच लिहायला हवं होतं.

लिपिक नागपूर (८.५०)

दोन गोष्टी अजून सांगायच्या राहिल्या. रात्रभर झोप नाही, आता लिहूनच टाकते.

मी परिविक्षेवर, म्हणजे प्रोबेशनवर आहे. दोन वर्षांतले पाच महिने उरलेत. बाबा याच शाळेत लिपिक होते, त्यांच्या जागी मी अनुकंपावर लागले. घरात आई आणि धाकटा भाऊ.

आणि गेल्या दिवाळीत या पुरवठादाराने कार्यालयात सगळ्यांना संत्रा बर्फीचा डबा आणि एकेक प्रेशर कुकर दिला होता. मीही घेतला. नवीन होते, सगळे घेत होते. आई रोज त्यातच वरण लावते. आता मी बोट दाखवलं तर ते म्हणतील, तूही घेतलंस.

धंतोलीकर (९.०२)

परिविक्षेवर असाल तर जपून. १९७७च्या खाजगी शाळा कर्मचारी कायद्याच्या कलम ५ प्रमाणे काम किंवा वर्तन समाधानकारक नाही म्हणून व्यवस्थापन एक महिन्याची नोटीस किंवा एक महिन्याचा पगार देऊन सेवा संपवू शकतं. कलम ९ खाली शाळा न्यायाधिकरणाकडे अपील असतं, आदेश हातात पडल्यापासून ३० दिवसांत. पण तोवर घर चालवायचं कसं? माझं मत, पाच महिने आजारी रजा, बाळंतपण, काहीही सांगा आणि ही फाईल टाळा.

आवक जावक (९.४०)

धंतोलीकर, कायदा तुम्ही बरोबर सांगितला, सल्ला चुकीचा. खोटी रजा टाकली की तीच कारवाईला कारण होते. आणि फाईल टाळून बाक येतील ते ५,९०० चेच येतील.

पोरी, आता नीट ऐक. एकेरी बोलतोय, राग मानू नकोस, माझी मुलगी तुझ्याएवढी आहे.

तक्ता कर. आकडे जसे आहेत तसे मांड. 'तपासले' या शब्दाखाली सही करू नकोस, 'तक्ता तयार केला' असं लिहून कर. केलेलं काम तेवढंच आहे. तक्त्यावर टिप्पणी लाव. मी द्यायचो तशी देतो:

"बाक खरेदीसाठी प्राप्त ३ दरपत्रकांपैकी क्र. १ व क्र. २ यांच्या जीएसटी क्रमांकांतील पॅन एकच आहे. क्र. ३ वर जीएसटी क्रमांक नमूद नाही. त्यामुळे तीन स्वतंत्र दर प्राप्त झाल्याचे दिसून येत नाही. फेरदरपत्रके मागवावीत किंवा कसे, याबाबत आदेश व्हावेत. आदेशार्थ सादर."

यात मेहुणा नाही, 'बनावट' नाही, कोणाच्या हेतूवर शब्द नाही. 'डेक्स'ही नको. कोणीही क्रमांक पडताळून पाहावा इतकंच आहे. वर्तन समाधानकारक नाही म्हणायला यातलं एकही वाक्य उपयोगी पडत नाही. पानाला नंबर टाक, तारीख टाक, मॅडमच्या हातात दे. टिप्पणीची एक प्रत स्वतःकडे ठेव. मूळ फाईल घरी न्यायची नाही, कितीही भीती वाटली तरी.

आता कुकर. तो घ्यायला नको होता, हे तुला कळलंय. वापरलेला कुकर परत करू नकोस, त्याची किंमत परत कर. दुकानात भाव विचार, तेवढी रक्कम पुरवठादाराच्या खात्यावर ऑनलाईन पाठव, कशाची ते लिही, आणि मॅडमना दोन ओळींचं पत्र दे की दिवाळीत घेतलेल्या भेटीची रक्कम अमुक तारखेला परत केली. टिप्पणी द्यायच्या आधी हे कर. नंतर केलंस तर घाबरून केल्यासारखं दिसेल.

जागा हो (९.५८)

एवढं जपून लिहून काय होणार? ते टिप्पणी फाडून टाकतील.

आवक जावक (१०.१०)

नंबर टाकलेलं पान फाडलं की पुढच्या पानाचा नंबर बोलतो. २०२५ मध्ये आपल्याच नागपुरात बोगस शालार्थ आयडीचं, म्हणजे शाळेच्या पगारासाठी लागणाऱ्या सरकारी ओळख क्रमांकाचं, प्रकरण निघालं. अटक झालेल्यांत अधिकारी होते, मुख्याध्यापक होते, लिपिकही होते. वरून सांगितलं म्हणून केलं, हे तिथे कोणाला वाचवणार होतं? कागदावर सही ज्याची, त्याला आधी विचारतात.

पालक सक्करदरा (१०.३०)

माझ्या टीसीचं कोणी सांगेल का?

एक मुख्याध्यापिका (१०.३३)

दादा, शिक्षण हक्क कायदा २००९, कलम ५. मुख्याध्यापकाने टीसी लगेच द्यायची असते, आणि ती आली नाही म्हणून नवी सरकारी किंवा अनुदानित शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. फीची वसुली वेगळी, तिच्यासाठी मुलाला अडवता येत नाही.

लिपिक नागपूर (सोमवार, संध्याकाळी ६.४७)

काका, केलं. कुकरचे १,८५० शनिवारीच पाठवले. आईला सगळं सांगितलं, ती काही बोलली नाही, कुकर घासून कपाटावर ठेवून दिला. मी म्हटलं अगं आता आपलाच आहे, तर परत काढला.

सकाळी पत्र आणि टिप्पणी दोन्ही दिलं. मॅडमनी पत्र वाचलं, मग टिप्पणी. दोनदा वाचली. चष्मा काढून ठेवला. मला वाटलं आता ओरडतील. म्हणाल्या, "पान नंबर टाकलास?" मी हो म्हटलं. दुपारी फाईल परत आली, टिप्पणीखाली फक्त 'चर्चा करावी' आणि सही. आता याचा अर्थ काय घ्यायचा? सचिव उद्या येणार आहेत.

आवक जावक (७.१५)

अर्थ असा की कागद फाईलवर राहिला आणि त्यावर मॅडमची सही झाली. उद्या चर्चेला जा, कमी बोल, क्रमांक दाखव. बाहेर आल्यावर त्याच पानावर खाली लिही: 'दि. अमुक रोजी चर्चा झाली, चर्चेनुसार अमुक.' आणि तेही मॅडमसमोर ठेव, सहीला.

बर्डीचा भाऊ (७.२२)

ताई, फेरदरपत्रकं मागवली तं मला सांगा. हिंगणा एमआयडीसीकडचे दोन-तीन फॅब्रिकेशनवाले आहेत ओळखीचे. मी त्यांच्यात नाही, कमिशन नाही, नातंही नाही. ते पण लिहून देतो पाहिजे तं.