लोअर परळचे टॉवर
गिरण्यांच्या जागी टॉवर आले म्हणून मुंबईतल्या परळचा कायापालट झाला, असं म्हणतात ते अर्धंच खरंय. उंचीला माझा विरोध नाहीच, जागा नाही तर माणूस वरच जाणार ना. पण १९९१च्या मुंबईच्या विकास नियमात गिरणीच्या जमिनीतला एक तृतीयांश मोकळ्या जागेला आणि तेवढाच म्हाडाला, म्हणजे सरकारी घरबांधणी मंडळाला, घरांसाठी जाणार होता, २००१ मध्ये बदल करून ते फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीपुरतं ठेवलं, झालं, मैदानं अन घरं दोन्ही आटली. वर काचेचे मजले आले आणि खाली स्टेशनचा तोच अरुंद जिना राहिला होता, २०१७ला शेजारच्या एल्फिन्स्टन स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली ते विसरलो का? आमच्या चाळीच्या गॅलरीत तर दुपारी तीनलाच टॉवरची सावली, आई पापड वाळवायला गच्चीवर जाते.