मदत हवी आहे: बटणं, दोरे आणि आपोआप लागणारी शिस्त

नमस्कार मंडळी. ग्राफ थिअरी (बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा यांच्या जाळ्याचं, म्हणजे ग्राफचं गणित) आणि स्वयंसंघटन (कुणी न सांगता आपोआप लागणारी शिस्त) यांच्यातला एक दुवा मला सापडत नाहीये, जाणकारांनी मदत करावी.

जीवशास्त्रज्ञ स्टुअर्ट कॉफमन यांचं बटणांचं उदाहरण परवा मुलीला घेऊन करूनच पाहिलं. जमिनीवर 100 बटणं पसरली. डोळे मिटून कुठलीही दोन उचलायची, दोऱ्यानं बांधायची. 40 दोऱ्यांपर्यंत एक बटण उचललं की फार तर आठ-नऊ सोबत येत. 75 झाले तेव्हा निम्म्याहून जास्त बटणांचा घोसच वर आला! दोऱ्यांची संख्या बटणांच्या निम्म्यापलीकडे गेली की असा मोठा घोस तयार होतो, हे गणितज्ञ एर्डॉश आणि रेन्यी यांनी 1960 मध्येच दाखवून दिलंय.

पण इथे दोरे आम्ही बांधले, तेही डोळे मिटून. मुंग्यांचं तसं नाही. ज्या वाटेवर वर्दळ तिथे गंध वाढतो, बाकीच्या वाटा विरतात. म्हणजे ग्राफवर जे घडतं तेच ग्राफ बदलतं. बॉर्नहोल्ट आणि रोल्फ यांच्या 2000 सालच्या मॉडेलमध्ये तर नियम एवढाच: सतत चालू-बंद होत बदलणारा नोड (जाळ्यातला बिंदू) एक जोडणी गमावतो, गोठलेला, म्हणजे न बदलणारा, एक मिळवतो. आणि जाळं आपणहून शिस्त आणि गोंधळ यांच्या उंबरठ्याशी येऊन स्थिरावतं.

कुणी न सांगता ते नेमकं तिथेच का येतं? हे कागदावर गणितानं मांडता येतं, की फक्त संगणकावर चालवूनच दिसतं? मला पदवीपुरतं लिनिअर अल्जेब्रा आणि पायथॉन येतं. सुरुवात कुठून करू?